एन-२ चा फॉर्म भरताना मन एन-३ कडे वळू लागलं तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. जेएलपीटीची, म्हणजे जपानी भाषेच्या प्रवीणता परीक्षेची, एन-४ (एन-५ सगळ्यांत सोपी, एन-१ सगळ्यांत अवघड) दोन वर्षांपूर्वी पास झाली आहे, एन-३ दिलीच नाही, आणि थेट डिसेंबरच्या एन-२ ची तयारी चालू आहे. परीक्षेला अकरा आठवडे उरलेत, फॉर्मची मुदत चार दिवसांत संपते. घरी घड्याळ लावून सोडवलेल्या एन-२ च्या सराव पेपरात शब्द-व्याकरणात ५५ टक्के, ऐकण्यात ६० टक्के आणि वाचनात २१ पैकी ८ बरोबर. वाचनातले पहिले बारा प्रश्न वाचून सोडवले, उरलेल्या नऊ प्रश्नांना वेळच उरला नाही म्हणून गोळे अंदाजाने काळे केले. बॅचमधले बाकीचे सगळे एन-२ ला बसताहेत. अशा वेळी एन-३ घेणं म्हणजे माघार का? फॉर्म भरल्यावर लेव्हल बदलता येते का? आणि आणून ठेवलेल्या एन-२ च्या पुस्तकांचं काय करायचं?

गेली अठरा वर्षं मी जपानी शिकवते, आणि दर सहा महिन्यांनी फॉर्मच्या शेवटच्या आठवड्यात हाच प्रश्न माझ्यापुढे येतो. तुमच्या आकड्यांवरून माझा कल एन-३ कडे आहे. पण तो कल माझा आहे, निर्णय तुमचा, म्हणून कारणं सविस्तर लिहिते. त्यातलं एखादं तुम्हाला लागू नसेल तर उत्तर उलटंही होऊ शकतं.

आधी ते '२१ पैकी ८' जरा उकलून बघू. अंदाजाने मारलेले नऊ प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. म्हणजे डोळे मिटून गोळे काळे केले तरी त्यातले दोनेक बरोबर येणारच. ते वजा केले तर तुम्ही खरोखर वाचलेल्या बारांपैकी सहा बरोबर राहतात. उत्तरपत्रिका जवळ असेल तर आत्ताच उघडून मोजा, कारण सगळं या एका आकड्यावर अडलंय. बारांपैकी आठ बरोबर असतील (नशीब रुसलं आणि अंदाजाचे नऊच्या नऊ चुकले असतील) तर तुमची अडचण वेगाची आहे. बारांपैकी सहाच असतील तर अडचण समजण्याची आहे. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, 'दोक्काइ (वाचन) कच्चं आहे' एवढंच आपण म्हणतो. पण अकरा आठवड्यांत वेग वाढवता येतो. समज एका लेव्हलवरून दुसऱ्या लेव्हलवर नेणं अकरा आठवड्यांत, नोकरी सांभाळून, मी फार कमी जणांना जमलेलं पाहिलंय.

पडताळून बघायचं असेल तर शनिवार-रविवार पुरेसे आहेत. परीक्षेच्या अधिकृत संकेतस्थळावर २०१२ आणि २०१८ सालचे सराव संच मोफत मिळतात, ऐकण्याच्या ध्वनिफितींसकट. शनिवारी एन-२ चं फक्त वाचन सोडवा, पण घड्याळाशिवाय. दोन तास लागू देत, तीन लागू देत. शब्दकोश मात्र नाही. रविवारी एन-३ चा अख्खा पेपर अगदी परीक्षेसारखा सोडवा: ३० मिनिटं शब्द, ७० मिनिटं व्याकरण आणि वाचन, ४० मिनिटं ऐकणं. ध्वनिफीत मध्ये थांबवायची नाही, मागे न्यायची नाही. परीक्षेत ती एकदाच वाजते.

शनिवारी वेळेचं बंधन नसताना एन-२ च्या वाचनात सत्तर टक्क्यांच्या वर गेलात तर एन-२ च भरा, या पानावर पुढे वाचायचीही गरज नाही. वेळ असूनही निम्म्यावरच अडकलात तर घड्याळाचा दोष नव्हता. आणि रविवारी एन-३ मध्येच साठ टक्क्यांच्या आसपास राहिलात (थेट एन-२ कडे उडी मारणाऱ्यांचं बऱ्याचदा असंच होतं, आणि त्यांना धक्का बसतो) तर प्रश्न आपोआप सुटला. साठ आणि सत्तरच्या मधल्या पट्ट्यात असाल तर बाकीची कारणं बघावी लागतील.

हे टक्के म्हणजे परीक्षेतले गुण नव्हेत, हेही इथेच सांगते. जेएलपीटीत बरोबर उत्तरं मोजून गुण देत नाहीत. कोणता प्रश्न किती अवघड होता आणि तुमच्या बरोबर-चूक उत्तरांचा नमुना कसा पडला, यावरून गणिती पद्धतीने श्रेणीबद्ध गुण काढतात. त्यामुळे तितकीच उत्तरं बरोबर असलेल्या दोघांना वेगळे गुण मिळू शकतात. 'मॉकमध्ये १८० पैकी ९४ पडले, पास ९० ला आहे, म्हणजे मी पास' हा हिशोब मी वर्गात कुणाला करू देत नाही. सराव पेपरात सलग दोनदा पासष्ट टक्के आले की मग मी जरा निर्धास्त होते, तोवर नाही.

आता पास होण्याचा नियम बघू, कारण तुमचा धोका नेमका तिथे आहे. एन-२ ला एकूण १८० पैकी ९० हवेत, आणि शिवाय भाषाज्ञान (म्हणजे शब्द-व्याकरण), वाचन, ऐकणं या तिन्ही भागांत ६० पैकी किमान १९. एका भागात १८ आले की एकूण कितीही असोत, नापास. माझी एक विद्यार्थिनी एकूण ९८ गुण मिळवून नापास झाली होती, वाचनात १७ होते. तिचं ऐकणं वर्गात सगळ्यांत चांगलं. निकालाच्या दिवशी तिने तो कागद मला दाखवला तेव्हा ती दोनदा ९८ वर बोट ठेवून म्हणाली, "पण सेन्सेइ, नव्वदच लागतात ना?" परीक्षेआधी मी तो १९ चा नियम वर्गात तीनदा सांगितला होता. पण वाचन मागे असताना ऐकण्याच्या जोरावर निभावून नेऊ, असं मनात कुठेतरी प्रत्येकजण धरून चालतो. तुमचे ऐकण्यातले ६० आणि वाचनातले ३८ टक्के बघून मला तीच आठवली.

म्हणजे एन-३ सोपी, असं समजून तिकडे पळू नका. तिथे पास व्हायला १८० पैकी ९५ लागतात, एन-२ पेक्षा पाच जास्त. प्रश्न सोपे असतात, हे खरं. तरी शेवटच्या आठवड्यात खाली आलेली कितीतरी मुलं एन-३ त आपटताना मी पाहिली आहेत, आणि दरवेळी कारण तेच: लेव्हल बदलली त्या दिवसापासून त्यांनी अभ्यासाची गाडी न्यूट्रलला टाकली. 'मी तर एन-२ चं पुस्तक करत होतो, एन-३ म्हणजे काय, येता-जाता होईल.' एकाला ९१ पडले. चार गुणांनी गेलं. तो अजूनही सांगतो की एन-२ ला बसलो असतो तर ९० ला पास झालो असतो. ते चूक आहे, दोन्ही लेव्हलचे गुण एका तराजूत घालता येत नाहीत, पण त्याला ते पटवून द्यायचा नाद मी सोडला आहे.

एन-२ च्या पुस्तकावर असलेला माणूस एन-३ ला का अडखळतो, ते एका उदाहरणावरून बघा. 'वाके' हा शब्द तुम्हाला माहीत आहे, एन-२ च्या पुस्तकात तो अमुक-तमुक रूपात पुन्हा पुन्हा येतो. आता ही तीन वाक्यं: 'किराइ ना वाके देवा नाइ', 'शित्तेइरु वाके गा नाइ', 'यासुमु वाके निवा इकानाइ'. पहिल्याचा अर्थ 'नावडतं असं काही नाही'. दुसऱ्याचा 'त्याला माहीत असणं शक्यच नाही'. तिसऱ्याचा 'सुट्टी घेऊन चालणार नाही'. तिन्हींत वाके, तिन्हींच्या शेवटी नकार, आणि अर्थ तीन दिशांना. एन-३ चं पुस्तक रीतसर केलेल्या मुलाला हे झोपेत विचारलं तरी सांगतो. थेट उडी मारलेल्याला वाके म्हणजे 'काहीतरी कारण-बिरण' एवढं धूसर आठवतं, आणि त्याच धूसरपणातून तो एन-२ चे दीड पानी उतारे वाचतो. बारापैकी सहा चुकतात ते इथे. अवघड कांजी (चिनी लिपीतून आलेली अक्षरं) अडवत नाहीत, असले चिमुकले शेपटांचे शब्द अडवतात.

तसंच सकर्मक-अकर्मक जोड्यांचं. ओचिरु आणि ओतोसु. वास्तविक मराठी माणसाला हे आयतं मिळालंय: पडणे-पाडणे, फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे. इंग्रजीतून शिकणाऱ्याला ज्या गोष्टीसाठी तक्ते पाठ करावे लागतात ती आपल्या कानात आहे. तरी एन-४ नंतर या जोड्यांना परत हात न लावता पुढे गेलेली मुलं ऐकण्यात 'ग्लास फुटला' की 'ग्लास फोडला' यावर गडबडतात, आणि संवादात चूक कुणाची हे तिथेच ठरत असतं.

एन-३ मुळात का आली, तेही सांगते. ही परीक्षा १९८४ पासून आहे, आणि २००९ पर्यंत तिच्यात चारच पायऱ्या होत्या. जुन्या तिसऱ्या पायरीला साधारण ३०० कांजी आणि १५०० शब्द अपेक्षित असत, आणि लगेच वरच्या दुसऱ्या पायरीला १००० कांजी आणि ६००० शब्द. मधे काहीच नाही. मी त्या काळातली. तिसरी पास झाल्यावर पुढच्याच वर्षी दुसरीला बसले, ४०० पैकी २४० हवे होते, २२७ आले. पुन्हा बसले, पुन्हा गेलं, तिसऱ्या खेपेला झालं. ती दरी इतकी रुंद होती की २०१० मध्ये परीक्षेचं रूप बदलताना त्यांनी मधे मुद्दाम एक नवी पायरी घातली, तीच एन-३. त्यामुळे एन-४ वरून थेट एन-२ ला जाणं म्हणजे आमच्या पिढीला नाइलाजाने मारावी लागलेली उडी तुम्ही आपखुशीने मारताय. मारू नये असं नाही. मारून पार गेलेले लोक आहेत, माझ्याही वर्गात आहेत. बहुतेकांनी त्यासाठी रोजचे तीन-चार तास दिले होते.

आता प्रमाणपत्र कशासाठी हवंय हा भाग, आणि तो तुम्ही प्रश्नात लिहिलेलाच नाही. एखाद्या कंपनीने लेखी 'एन-२ हवी' म्हटलं असेल तर एन-३ तिथे चालणार नाही, आणि मग हातात एन-३ घेऊन त्या दारात जाण्यात अर्थ नाही. जपानमधल्या उच्चकुशल व्यावसायिकांच्या व्हिसासाठी जी गुणपद्धत आहे तिच्यातही एन-१ ला १५ आणि एन-२ ला १० गुण मिळतात, एन-३ ला काही नाही. अशी एखादी तारीख डोक्यावर असेल, म्हणजे जानेवारीच्या अखेरीस निकाल हातात नसेल तर संधी जाणार असेल, तर चाळीस टक्के शक्यता घेऊनही एन-२ ला बसणं शहाणपणाचं ठरू शकतं. गेलं तर फी आणि एक रविवार. पण अशी तारीख नसेल, 'बायोडेटावर चांगलं दिसतं' एवढंच असेल, तर मिळालेली एन-३ ही हुकलेल्या एन-२ पेक्षा केव्हाही बरी. एन-२ नापास झाल्यावर 'निदान एन-३ तरी' असं काही मिळत नाही. प्रत्येक लेव्हल वेगळी परीक्षा आहे, आणि एका दिवशी एकीलाच बसता येतं.

इथे एक नवी गोष्ट आहे जी फारशी कुणाच्या लक्षात आलेली नाही. डिसेंबर २०२५ पासून निकालपत्रावर युरोपीय सहा टप्प्यांच्या मोजमापातली पातळीही संदर्भासाठी छापली जाते. एन-३ मध्ये १०४ किंवा जास्त गुण पडले तर बी-१. एन-२ मध्ये ९० ते १११ पडले तरी बी-१ च, बी-२ साठी ११२ लागतात. म्हणजे चांगल्या गुणांची एन-३ आणि काठावरची एन-२ या मापात एकाच खणात बसतात. एन-३ काठावर, म्हणजे ९५ ते १०३ ला झाली, तर मात्र ए-२. कंपन्या अजून एन-२, एन-३ याच भाषेत विचारतात, त्यामुळे या अक्षरांना आज फार भाव नाही. पण 'एन-३ म्हणजे कमीपणा' या गणिताला परीक्षा घेणारेच दुजोरा देत नाहीत, एवढं यातून दिसतं. तुम्ही एन-३ घेतलीत तर ९५ वर डोळा ठेवू नका, १०४ वर ठेवा.

'माघार' या शब्दाबद्दल मला फार सांगायचं नाही. बॅच एन-२ ला बसतेय म्हणून बसणाऱ्यांची मला थोडी भीतीच वाटते. बॅचमधल्या कितींनी एन-३ दिली आहे, कितीजण दिवसाला किती वाचतात, हे तुम्हाला माहीत नाही. शिवाय डिसेंबरला एन-३ आणि जुलैला एन-२ हा सात महिन्यांचा रस्ता. डिसेंबरला एन-२ हुकली तर पुढचा प्रयत्न जुलैलाच. जुलैची परीक्षा तुमच्या केंद्रावर होते का एवढं पाहून ठेवा, सगळीकडे दोन्ही वेळा होत नाही. होत असेल तर दोन्ही वाटा जुलैच्या एन-२ लाच येऊन मिळतात.

लेव्हल बदलण्याचा नियम असा: अर्जाची मुदत एकदा संपली की बदल होत नाही. कुणाला फोन केला, कितीही कळवळून मेल लिहिली, तरी नाही. मुदतीच्या आत फॉर्म भरून झाला असेल आणि चूक लक्षात आली असेल, तर काय करता येईल ते तुमच्या केंद्रावर परीक्षा घेणारी संस्था ठरवते, तेव्हा तिच्या सूचना वाचा आणि शंका असेल तर तिलाच विचारा. व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारू नका. तुम्ही अजून भरलेला नाही, तर रविवारी संध्याकाळपर्यंत भरू नका. दोन्ही पेपर सोडवा, रात्री झोपा, सोमवारी सकाळी भरा. आणि शेवटच्या दिवसाच्या शेवटच्या तासावर ठेवू नका, त्या वेळी संकेतस्थळ रडत असतं.

ज्यांची मुदत टळली आणि एन-२ चा फॉर्म जाऊन बसला, असेही वाचणारे असतील. त्यांनी परीक्षा बुडवू नये. पैसे गेलेलेच आहेत, पण खरा पेपर, खरी खोली, खरा शिणवटा हे घरी मिळत नाही. दिवसभराची पूर्ण परीक्षा द्या. मधलाच एखादा भाग सोडून उठलात तर सगळीच परीक्षा बाद धरतात आणि दिलेल्या भागांचेही गुण कळत नाहीत. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही गोळा रिकामा ठेवू नका. आणि नापास निकालपत्रही फेकू नका. त्यावर शब्द आणि व्याकरण यांना वेगवेगळं ए, बी, सी दिलेलं असतं: ए म्हणजे दोन तृतीयांश किंवा जास्त उत्तरं बरोबर, सी म्हणजे एक तृतीयांशाहून कमी. पुढच्या सहा महिन्यांत कोणत्या पुस्तकापासून सुरुवात करायची, हे त्या एका अक्षरावरून ठरवता येतं.

बाकी लेव्हलचं थोडक्यात. एन-१ वरून एन-२ ला उतरायचा विचार असेल आणि एन-२ आधीच हातात असेल, तर उतरून मिळणार काय? एन-१ च द्या, गेली तर गेली. एन-४ वरून एन-५ ला उतरू बघणाऱ्यांना मी सहसा अडवते. जपानच्या 'विशिष्ट कौशल्य' नावाच्या कामाच्या व्हिसाच्या वाटेवर जेएलपीटी दाखवायची तर किमान एन-४ लागते, एन-५ तिथे धरत नाहीत, आणि या दोन लेव्हलमधलं अंतर दोन-अडीच महिन्यांत निष्ठेने भरून निघतं.

समजा सोमवारी तुम्ही एन-३ भरलीत. मग पुढचे अकरा आठवडे काय बदलतं? पहिला फरक वेळेच्या खणांचा. एन-२ त शब्द, व्याकरण आणि वाचन मिळून एकच १०५ मिनिटांचा पेपर असतो, शब्दांत वाचवलेली मिनिटं वाचनाला लावता येतात. एन-३ त शब्दांचा पेपर ३० मिनिटांनी काढून घेतात. तुम्ही अठरा मिनिटांत संपवलात तरी उरलेली बारा मिनिटं बसून राहायचं. म्हणून व्याकरण-वाचनाची ७० मिनिटं वेगळी सरावावी लागतात, आणि त्यात व्याकरणाला वीस मिनिटांच्या वर देऊ नका.

दुसरा फरक ऐकण्यात. एन-३ त 'हात्सुवा ह्योउगेन' नावाचा एक प्रकार आहे जो एन-२ त नाही. चित्र दिसतं, एका माणसाकडे बाण असतो, आणि तो माणूस या प्रसंगी काय म्हणेल ते निवडायचं. तीन पर्याय, तिन्ही फक्त ऐकू येतात, छापलेले नसतात. समजा चित्रात एकजण जड खोकं उचलून उभा आहे आणि बाण शेजारच्याकडे आहे. 'मोचिमाश्योउ का' म्हणजे 'मी धरू का'. 'मोत्ते मोराएमासु का' म्हणजे 'जरा धरता का'. बाण कुणाकडे आहे हे न बघता कान टवकारले की उत्तर उलटं जातं. एन-२ च्या तयारीतून आलेली मुलं हा प्रकार न सरावता जातात आणि सोपे गुण घालवून येतात. रोज पाच चित्रं, दहा मिनिटं, तीन आठवडे, बस झालं. त्याच्या बदल्यात एन-२ मधली लांब चर्चा ऐकून सगळ्यांच्या मतांची बेरीज करायची कसरत तुम्हाला आता लागणार नाही.

तिसरं, वाचन. पहिले सहा आठवडे रोज एक मध्यम उतारा, आणि प्रत्येक वाक्याचा कर्ता पेन्सिलीने लिहायचा. जपानी वाक्य कर्ता गाळतं, मराठीही गाळते ('आलो', 'खाल्लं'), म्हणून आपल्याला वाटतं आपण सांभाळून घेऊ. पण मराठीचं क्रियापद पुरुष-वचन सांगून जातं, जपानीचं सांगत नाही. कोण कुणाला काय देतंय, हे आगेरु, कुरेरु, मोराउ या देण्या-घेण्याच्या क्रियापदांवरूनच हुडकायचं असतं. पेन्सिल सहा आठवड्यांनी आपोआप सुटते. शेवटचे पाच आठवडे घड्याळ.

शब्दांच्या याद्या शोधत बसू नका. २०१० नंतर परीक्षा घेणाऱ्यांनी कोणत्याही लेव्हलची अधिकृत शब्दयादी काढलेली नाही. बाजारात आणि ॲपमध्ये 'एन-३ चे अमुक हजार शब्द' म्हणून जे मिळतं ते लेखकांचे अंदाज असतात, काही चांगले, काही भरताड. एक धरा आणि पूर्ण करा.

आणि जर तुम्ही एन-२ च भरलीत (शनिवारचा पेपर चांगला गेला, किंवा डोक्यावर तारीख आहे), तर तुमच्या १०५ मिनिटांपैकी शब्द-व्याकरणाला ३५ च द्या. आत्ता नक्कीच पन्नासच्या पुढे जात असतील, नाहीतर नऊ प्रश्न राहिले नसते. एखादा शब्द आठवत नाही तर तो विचार करून आठवत नसतो, गोळा काळा करून पुढे जायचं. वाचनात शेवटचा माहिती-शोधाचा प्रश्न, तो जाहिरात किंवा सूचनापत्रकाचा, आधी सोडवून टाका. लांब उताऱ्यापेक्षा तो बराच सोपा असतो आणि पेपरच्या शेवटी असल्यामुळे तुमच्यासारख्यांचा दरवेळी तोच राहतो.

पुस्तकांचं शेवटी विचारलंत. एन-२ चं व्याकरणाचं पुस्तक कपाटात वर ठेवून द्या, अगदी हाताला लागणार नाही अशा जागी. दोन लेव्हलची व्याकरणं शेजारी शेजारी केली की वाकेसारख्या गोष्टींची परत खिचडी होते. ऐकण्याचं पुस्तक मात्र खालीच राहू द्या. आठवड्यातून एकदा एन-२ ची ध्वनिफीत ऐकली की एन-३ ची हळू वाटायला लागते, आणि परीक्षेच्या खोलीत तो दिलासा मोठा असतो. एन-३ ची परीक्षा रविवारी होईल. सोमवारी स्टूल घ्या आणि ते वरचं पुस्तक खाली काढा, निकाल लागायला जानेवारीची अखेर होते आणि तोवर त्यातले आठ धडे होतात.